साक्षगंधाची भिंत

मुलीच्या साक्षगंधाला आठ दिवस उरले असताना, भर मे महिन्यात, नागपुरात, हॉल रंगवायला काढणारा शहाणा मीच. चार पैसे वाचतील म्हणून दुकानातल्या मशीनवर शेड करून न घेता इतवारीतून पांढऱ्या इमल्शनची (म्हणजे पाण्याच्या रंगाची) बादली आणि त्यात मिसळायच्या काळ्या स्टेनरच्या बाटल्या आणणाराही मीच. (हे बायकोने माझ्याकडून पाहुण्यांसमोर वदवून घेतलंय.)

ठरला होता फिका राखाडी. पेंटरभाऊंनी बादलीत काळं ओतलं, काडीने ढवळलं. संध्याकाळी बघतो तर कडेने, जिथे ब्रश फिरला तिथे गडद पट्टा आणि मधे, जिथे रोलर फिरला तिथे फिकं. साक्षगंधाच्या हॉलला निधनवार्तेची चौकट!

"वाळलं का बरोबर होते, भाऊ," पेंटर म्हणाले. पंचेचाळीस डिग्रीत वाळायला कितीसा वेळ? वाळलं. चौकट कायम.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो अमरावती रोडच्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, सरफेस कोटिंग, म्हणजे रंगांचं शास्त्र, शिकलाय. संस्था १९४२ची, पण माझ्या घराला तिचा उपयोग आत्ता झाला. त्याने भिंतीवर त्याच रंगाचा एक ताजा हात मारायला लावला आणि तो ओला असतानाच त्यावर बोट घासलं. घासलं तिथे गडद!

"मामा, काळ्याचे कण गोळा झालेत. घासलं की सुटतात, म्हणून ब्रशखाली गडद."

पांढऱ्याचा कण जेमतेम पाव मायक्रॉनचा, काळ्याचा त्याहून कितीतरी बारीक. आणि जितका बारीक, तितका एकमेकांना बिलगणारा. म्हणून पाण्याच्या रंगात डिस्पर्सिंग पॉलिमर, म्हणजे कण सुटे ठेवणाऱ्या लांब साखळ्या, घालतात. मला कळेना, तेव्हा तो संत्र्यांवर आला. पेटीत संत्री एकमेकांना लागू नयेत म्हणून तणस घालतात ना? हे पॉलिमर म्हणजे प्रत्येक संत्र्याला चिकटलेलं तणस. साखळीचा एक भाग कणाला धरतो, उरलेल्या शेपट्या पाण्यात पसरून शेजाऱ्याला लांब ठेवतात. आमच्या बादलीतल्या पांढऱ्याचं आणि स्टेनरचं जमलं नव्हतं. काळ्याचं तणस सुटलं होतं.

"मंग चमचाभर निरमा टाकू का?" पेंटरभाऊ.

भाचा पांढरा पडला. साबण कणाला एकाच जागी धरतो, चटकन सुटतो. पॉलिमर दहा जागी धरतं. शिवाय फेस होईल आणि पावसाळ्यात ओल लागली की भिंत पुसली जाईल ती वेगळीच.

"हौ, तेच म्हनून राह्यलो मी," पेंटरभाऊ म्हणाले, "पानी जास्त झालं."

भाचा मशीनवरची शेड आणायला गेला. तोवर बायकोने बोट घासून पाहिलं. मग मुलीने. मग सासूबाईंनी अंगठ्याने. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनीही हात धुऊन घेतला. भिंत वाळायच्या आत तिच्यावर तीसेक काळपट गोळे.

पेंटरभाऊ दोन पावलं मागे सरकले, मान तिरपी करून बराच वेळ बघत राहिले.

"भाऊ, हे डिझाइन ठेवाचं असन, तं रेट वेगळा लागन."