मासळीचे पाणी, डिकी आणि सुगंधाची डबी

गाडीत काही सांडून वास बसला की आपल्याकडचा पहिला उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे डॅशबोर्डवर सुगंधाची डबी ठेवणे. माझे स्पष्ट मत असे की या डबीने वास जात नाही; उलट मोगरा आणि कुजकी कोळंबी यांचे जे मिश्रण तयार होते, ते नुसत्या कोळंबीपेक्षा असह्य असते.

कोकणातून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मासळी आणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पश्चिम किनाऱ्यावरची 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी उठते ती ऐन दमट दिवसांत. मग सुरमई-कोळंबीचे खोके मुंबई-पुण्याकडे निघते, घाटातल्या वळणावर कलंडते आणि बर्फाचे पाणी डिकीत उतरते. वरची मॅटिंग पुसली की काम झाले असे वाटते, परंतु तोवर ते पाणी मॅटिंगखालच्या जाड फेल्टमध्ये मुरलेले असते आणि उरलेले स्टेपनीच्या खोबणीत साचलेले असते. म्हणून सर्वांत आधी स्टेपनी बाहेर काढावी. तिच्याखाली तांबूस चिकट थर आणि त्यात अडकलेले दोन-चार खवले दिसले, की वासाचा उगम शोधत बसण्याची गरज उरत नाही. अनेक गाड्यांत या खोबणीच्या तळाला रबरी बूच असते. ते काढले की खोबण नीट धुता येते. फेल्ट मात्र सोडवून बाहेरच धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा.

धुण्यासाठी पाणी गारच घ्यावे. रक्त आणि मासळीचा चिकटा यांत प्रथिने असतात आणि गरम पाण्याने ती गोठून धाग्यांना धरून बसतात. समुद्री माशांच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे वास नसलेले द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि आपल्याला येतो तो त्याचाच वास. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. मासळीला लिंबू किंवा कोकम लावणाऱ्या घरांना ही गोष्ट रसायनशास्त्राविनाच ठाऊक आहे. गाडीत मात्र लिंबू पिळू नये, कारण रसातली साखर मागे राहून चिकटते. पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून वापरावे. त्यात ब्लीच कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

सगळीकडे सुचवला जाणारा खाण्याचा सोडा मासळीसाठी चुकीचा आहे. तो उपयोगी पडतो दुधासाठी, कारण नासलेल्या दुधाच्या वासात ब्युटिरिकसारख्या आम्लांचा मोठा वाटा असतो. तिथेही वरून भुरभुरलेला कोरडा सोडा कापडावरच राहतो आणि दूध सीटच्या फोममध्ये खोल असते. अशा वेळी प्रथिने आणि स्निग्धांश तोडणारे एन्झाइमयुक्त क्लीनर घ्यावे आणि दूध मुरले असेल तितक्या खोलवर ते मुरू द्यावे. फवारून लगेच पुसले तर पैसे वाया जातात. ते काही तास ओले राहिले तरच काम करते. रश्श्यातल्या हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरून जाऊ नये. साबण निघाला की तो पुन्हा पिवळा होतो आणि उन्हाने हळूहळू फिकटतो.

माझी खरी तक्रार आहे ती ‘इंटिरियर क्लीनिंग’ या नावाखाली सीटवर भरपूर फेस ओतून, घाईने व्हॅक्यूम फिरवून, गाडी ओलसरच परत देण्याच्या पद्धतीविषयी. सीट वरून चकचकीत दिसते, पण आतला फोम ओला राहतो आणि आधीच्या वासात कुबट वासाची भर पडते. शाम्पू कोणता यापेक्षा टाकलेले पाणी परत ओढून घेणारे यंत्र आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावे. घरी करणाऱ्यांनी पुढच्या सीटखाली पाणी ओतू नये. तिथल्या पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात.

सगळे पूर्ण वाळल्यावर एसीचा फिल्टर बदलावा. बाहेरची हवा बंद ठेवून एसी चालवला की आतलीच हवा फिरत राहते, त्यामुळे फिल्टर आधी बदलला तर नवाही तोच वास धरतो.