अर्ज आला ती तारीख, पैसे मिळाले ती तारीख

अडचणीतल्या विद्यार्थ्यांना मदत झाली की नाही हे ठरवताना आपण रक्कम विचारतो. निधी किती जमला, किती वाटला, किती मुलांना मिळाला. गेली काही वर्षं मी विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या समितीवर आहे, आणि त्याच्या कितीतरी आधी, विद्यार्थिनी असताना, अशाच एका निधीकडे मी स्वतः अर्ज केला होता. दोन्ही बाजूंना बसून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. रकमेच्या आधी दिवस मोजा. अर्ज हातात आल्यापासून पैसे मुलाच्या खात्यात पडेपर्यंत किती दिवस गेले, ते आधी सांगा.

माझं सांगते. तिसऱ्या वर्षाला होते. वडील अंथरुणाला खिळले, घरात येणारा एकमेव पगार थांबला आणि फीचा दुसरा हप्ता थकला. थकबाकी असेल तर परीक्षेचा फॉर्म घेत नसत. मी साहाय्य निधीकडे अर्ज केला. तो परत आला, कारण सोबत जोडलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचा आकडा होता. गेल्या वर्षी वडील कामावर जात होते, त्यामुळे कागदावर आमचं बरं चाललं होतं. संकट या वर्षीचं आणि पुरावा मागच्या वर्षीचा, हे खिडकीपलीकडच्या माणसाला मी तीन वेळा समजावून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडच्या यादीत जे कागद लिहिले होते तेच तो मागत होता. मग दवाखान्याचे कागद जोडले, मग एक सही राहिली, सही करणारे रजेवर होते. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा परीक्षा संपून अकरा दिवस झाले होते. पैसे मिळाले, पूर्ण मिळाले. वर्ष मात्र गेलं. त्या संस्थेच्या अहवालात माझी नोंद मदत मिळालेल्यांमध्येच झाली असणार, आणि हीच गोष्ट मला आजही बोचते.

शिष्यवृत्ती आणि साहाय्य निधी ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपण नीट समजून घेत नाही. शिष्यवृत्ती वर्षाच्या सुरुवातीला ठरते. घरची परिस्थिती अशी अशी आहे, गुण इतके आहेत, म्हणून इतके पैसे. तिला कागद, छाननी, गुणवत्ता यादी सगळं शोभतं, कारण वेळ असतो. पण भर सत्रात आई गेली, घरमालकाने खोली सोडायला सांगितली, अर्धवेळ काम सुटलं, प्रोजेक्ट सादर करायच्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला, याचा अंदाज जूनमध्ये कुणाला असणार? साहाय्य निधी असतो तो नेमका यासाठी. आणि आपण तो चालवतो शिष्यवृत्तीसारखा. तेच दाखले, तीच त्रैमासिक बैठक, तोच 'त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे'चा शिक्का.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण तिच्यातला एक तुकडा आपण भरभर ओलांडतो. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडन. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं. तेही सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज, असं सगळं जुळलं तेव्हा. लंडनची डी.एस्सी. १९२३ साली हाती आली. बुद्धी तीच होती, विषय तोच होता, मेहनतीत तर तसूभरही कमी नव्हतं. मुदत संपली, एवढंच. मी हे वाचते तेव्हा मला ज्यांना भथेना भेटले नाहीत ती मुलं आठवतात. ती परत गेली आणि परत आलीच नाहीत. त्यांची नावं आपल्याला कशी माहीत असणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्यासमोर एक मुलगा आला होता. हातात पारदर्शक प्लास्टिकची फाईल, आत सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर पेन्सिलने बारीक आकडा. लॅपटॉपही घेऊन आला होता, बिजागरी तुटलेली, पट्टी चिकटवून धरलेली. तो चालू होत नाही हे दाखवायला त्याने बटण दाबलं आणि आम्ही सहा जण त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. तेवढ्यात समितीतल्या एकांनी विचारलं, "मग हा मोबाईल कसा परवडला?" मुलगा काही बोलला नाही. त्याने टेबलावरचा फोन उचलला, पालथा केला आणि परत तिथेच ठेवला. तो फोन त्याच्या मामाने वापरून दिलेला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी विचारायला हवं होतं की प्रोजेक्ट कधी द्यायचं आहे. ते कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

अर्ज मंजूर झाला, पण तीन दुकानांची दरपत्रकं आणायची, खरेदी आधी करायची, पावती जोडायची, मग रक्कम मिळेल, अशा अटीवर. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो आलाय, त्याला आम्ही आधी खर्च कर म्हणालो. त्याने ग्रंथालयातल्या संगणकावर रांगेत बसून प्रोजेक्ट टाइप केलं, चार दिवस उशिरा दिलं, गुण कापले गेले. महिन्याभराने तो माझ्या खोलीच्या दारात उभा होता. "मॅडम, आता ते पैसे घेतले तर चालतील का? की ज्याला आत्ता लागतायत त्याला द्याल?"

मी त्याला ते घ्यायला लावले. पण त्या प्रश्नाने मला जागं केलं, आणि दुसरीकडे हे काम कसं करतात ते मी शोधू लागले.

अमेरिकेत अटलांटा इथे जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. काही शे डॉलर थकले म्हणून तिथे मुलांची नावं कमी होत होती, आणि त्यातली बरीच पदवीच्या अगदी तोंडाशी आलेली असायची. २०११ पासून त्यांनी उलटी पद्धत धरली. अर्जच नाही. कोण नीट शिकतोय, कोणाची बाकी थोडकी आहे, कोणाचं नाव कमी होण्याच्या बेतात आहे, हे विद्यापीठ स्वतःच्याच नोंदींमधून शोधतं, बाकी भरून टाकतं आणि मुलाला कळवतं. सरासरी मदत साधारण ९०० डॉलरची. तिकडच्या शिक्षणखर्चाच्या मानाने ही रक्कम फार नाही. यात मला भावलं ते हे की थकबाकीची यादी प्रत्येक विद्यापीठाकडे असतेच. आपण ती नोटीस पाठवायला वापरतो. तीच यादी मदत पाठवायलाही चालते.

दुसरं उदाहरण फॉर्मचं. अमेरिकेतच २००८ साली संशोधकांनी एक प्रयोग केला. कर भरायला मदत करणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा शिक्षणमदतीचा सरकारी फॉर्म तिथेच बसून भरून दिला. काहींना फक्त माहिती दिली, की तुम्हाला इतकी मदत मिळू शकते. ज्यांचा फॉर्म भरून दिला, त्या घरांतल्या बारावीच्या मुलांचा कॉलेज प्रवेश साधारण ८ टक्के बिंदूंनी वाढला, म्हणजे दर शंभरात आणखी आठेक मुलं कॉलेजात गेली. नुसत्या माहितीचा काहीच परिणाम दिसला नाही. मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना पत्रं धाडली: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, आणखी कुठलाही फॉर्म नको. यातल्या बहुतेकांना एरवीही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरी अर्ज करणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. जास्तीचं असं काही दिलंच नव्हतं, फक्त 'मिळेल की नाही' ही टांगणी काढून टाकली होती.

म्हणून 'आम्ही नोटीस बोर्डावर लावलं होतं, मुलंच येत नाहीत' हे वाक्य मला आता सहन होत नाही.

मुलं का येत नाहीत ते मला माहीत आहे. इंग्लंडमधल्या विद्यापीठांत अशा निधीसाठी बरेचदा तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात. म्हणजे कुठे खाल्लं, कुणाला पैसे पाठवले, कधी खातं शून्यावर आलं, सगळं अनोळखी माणसासमोर. आपल्याकडेही कारण सविस्तर लिहा म्हणतात. बापाचं व्यसन, आईला होणारी मारहाण, घरून तुटलेला संबंध, हे एकोणीस वर्षांच्या पोराने पाच ओळींत लिहायचं आणि सहा जणांनी ते हातोहात फिरवायचं. मी ते कागद वाचलेत. एका अर्जात कारणाच्या जागी खाडाखोड करून फक्त 'घरगुती' एवढंच उरलं होतं. तो अर्ज आम्ही अपूर्ण म्हणून बाजूला ठेवला होता. नंतर मी तो शोधून काढला, पण मुलगी तोवर निघून गेली होती.

खोटं बोलून घेणारे असतात, हो. मला दोन-तीन नक्की भेटलेत. पण छोट्या रकमेची तातडीची मदत असेल तर त्या दोघा-तिघांना रोखण्यासाठी बाकी साऱ्यांना महिनाभर ताटकळत ठेवणं हा हिशेब मला पटत नाही. आधी द्या, मग तपासा. मोठी रक्कम असेल तर दोन टप्पे करा. एका शिक्षकाची शिफारस पुरे माना, कारण वर्गातला मुलगा गप्प झालाय हे समितीच्या आधी शिक्षकाला कळतं. आणि ही मदत शक्यतो कर्ज म्हणून देऊ नका. ज्याचा तोल गेलाय त्याच्या खांद्यावर आणखी एक हप्ता कशाला?

अशा निधीने वाढत्या फीचा प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळतं. फी कमी व्हायलाच हवी आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण ते भांडण निकाली निघेपर्यंत या सत्रातली मुलगी थांबू शकत नाही.

येत्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे: आमच्या नोंदवहीत रकमेच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखा. अर्ज आला ती तारीख. पैसे मिळाले ती तारीख. आणि सात दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर त्याचं कारण समितीने लिहायचं, विद्यार्थ्याने नाही.

हे कुणी विद्यार्थी वाचत असेल तर त्याला सांगते. अर्जाच्या पहिल्या ओळीत शेवटची तारीख लिहा: अमुक दिवशी फॉर्म बंद होतोय, अमुक दिवशी खोली सोडायची आहे. कारण नंतर लिहा, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. अर्ज खिडकीवर दिलात तरी त्याची एक प्रत ज्या शिक्षकांशी बोलता येतं त्यांच्या हातात द्या. आणि चार दिवसांत काही कळलं नाही तर परत जा, संकोच करू नका. माझ्याकडे आलात तरी चालेल. दार उघडंच असतं.