खून कशाला? त्यापेक्षा साक्ष लिहा!

आज दुपारी एका वहीवर लाल शाईत ही ओळ वाचली आणि तेव्हापासून डोकं तापलंय. खाली 'प्रभू आशीर्वाद देवो' असंही लिहिलंय. वही एका बाईची. पलूस तालुक्यात मळ्यातल्या वस्तीवर राहतात, तीन म्हशी, दीड एकर ऊस. दोनशे पानी दोन लाँगबुकं भरून त्यांनी रहस्यकादंबरी लिहिली आणि मोठ्या विश्वासानं चर्चच्या मंडळीतल्या एका जाणत्या गृहस्थांकडे वाचायला दिली. चार महिन्यांनी वह्या परत आल्या. लाल खुणा पान चाळीसपर्यंत आहेत. पुढची तीनशे साठ पानं कोरी, म्हणजे न वाचलेली.

चारशे पानं, पानाला दीडशे शब्द धरले तरी साठ हजार शब्द होतात. संध्याकाळची धार काढून, डेअरीला दूध घालून, भाकऱ्या उरकून रोज तीन पानं लिहायची म्हटलं तर 133 रात्री लागतात. आणि उत्तर काय, तर साक्ष लिहा.

साक्ष, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं त्याची कहाणी. ती लिहायला कुणाची ना नाही. पण खून आणि ख्रिस्ती लेखणी यांचा संबंध नाही, हे कुणी ठरवलं? उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात भाऊ भावाला शेतात मारतो आणि जमिनीतून रक्त हाक मारतं. यहूदा आणि त्याची सून तामार यांची गोष्ट काढा. तिनं त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी या तीन वस्तू पुढे ठेवल्या आणि न्याय करायला बसलेलाच गुन्हेगार ठरला. याला पुरावा म्हणतात. दावीद राजानं घडवलेल्या उरीयाच्या खुनानंतर नाथान संदेष्टा राजापुढे जातो तो थेट आरोप घेऊन जात नाही. गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजाच्याच तोंडून निकाल काढतो आणि मग सांगतो, तो माणूस तूच. कुठल्याही गुप्तहेराचं शेवटचं प्रकरण याहून चांगलं नाही. कॅथलिक बायबलात दानीएलाच्या पुस्तकाला सुसान्नेची गोष्ट जोडलेली आहे. दोन साक्षीदारांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारला, कुठल्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडं सांगितली. उलटतपासणी म्हणजे दुसरं काय असतं?

आणि नाबोथाचा द्राक्षमळा तर आपल्याच भागातला वाटतो. वाडवडिलांची जमीन विकणार नाही म्हणाला म्हणून दोन खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारलं. तासगावच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बांध, वाटणी, सातबारा, खोटा साक्षीदार, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. बाईंच्या कादंबरीत हेच आहे, फक्त द्राक्षाच्या जागी आडसाली ऊस आहे. लाल शाईला तो नाबोथ दिसलाच नाही.

ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, जी मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, तेव्हा त्यांनी विधवांचं दुःख सांगायला कादंबरीच निवडली होती. आमच्या माणसांनी गोष्ट सांगणं काही कालपरवा सुरू केलेलं नाही.

बरं, एक मान्य करतो. खून चवीनं रंगवणारं लिखाण असतं आणि ते घरात नको वाटतं, हे खरं. पण ते वाचून ठरवावं लागतं. चाळीस पानांत या बाईंच्या कथेत खून झालेलाच नाही!

गावाकडं बसून रहस्य लिहिणं म्हणजे शहरातल्यापेक्षा सोपं, असा एक समज आहे. उलट आहे. गावातला वाचक तुमची चूक पहिल्याच पानावर पकडतो. विहिरीत पडलेलं प्रेत लगेच तरंगायला लावलं की पुस्तक मिटलं. प्रेत आधी तळाला जातं. आत वायू धरला की वर येतं. उन्हाळ्यात साधारण एका दिवसात, थंडीत दोन-तीन दिवसांनी, आणि खोल गार विहिरीत त्याहूनही उशिरा. चहातून फवारणीचं औषध पाजलं असं कुणी लिहिलं तर द्राक्षबागायतदार हसतो, कारण तो वास झाकला जात नाही हे त्याच्या नाकाला ठाऊक आहे.

उसाचंही तसंच. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तुटायला सोळा ते अठरा महिने. चार-साडेचार महिन्यांनी मोठी बांधणी झाली की सरीत माणूस सहज शिरत नाही, पानं अंग कापतात. म्हणून लिहिणाऱ्याला मोह होतो की प्रेत आत टाकलं आणि तोडीपर्यंत कुणाला पत्ता नाही. नाही हो. वास लपून राहत नाही, घारी-कावळे गप्प राहत नाहीत, कुत्री राहत नाहीत. उसात लपवायचीच तर वस्तू लपवा. कपडे, गाडीची नंबरप्लेट, कोयता. ती मात्र थेट टोळी फडात शिरेपर्यंत राहील. आणि टोळी लिहायची तर नीट लिहा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडून आलेली ती माणसं वस्तू सापडली तरी आधी पोलिसांकडे जाणार नाहीत, मुकादमाला सांगतील, मुकादम चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या फडावरच्या माणसाला सांगेल, तिथून गावाला कळेल. या प्रवासात एक दिवस जातो. त्या एका दिवसात रहस्यकथेची दोन प्रकरणं बसतात. फड पेटवून पुरावा जाळायचा असेल तर लक्षात ठेवा, जळीत उसाला कारखाना कपात लावतो. स्वतःचा फड विनाकारण पेटवणारा शेतकरी म्हणजे गावाच्या डोळ्यांवर आलेला शेतकरी.

बाईंनी हे सगळं बरोबर धरलंय. एक ठिकाण तर असं आहे की मी दोनदा वाचलं. खुनाच्या रात्रीबद्दल नायिकेचा दीर सांगतो, मी पाण्याच्या मोटारीवर होतो, दारं धरत होतो. शेजारीपाजारी शपथेवर सांगतात की मोटार चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. अजूनही कितीतरी फीडरवर शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पण मोटार चालू होती म्हणजे माणूस मळ्यात होता असं कुठं आहे? ऑटो स्विच टाकलेला असेल तर लाईट आली की मोटार आपोआप उचलते. मोबाईल स्टार्टर असेल तर स्टार्टरमधल्या सिमला घरबसल्या फोन लावायचा. मग तपास कॉल रेकॉर्डवर येतो. आणि पाणी मात्र वळवायला हात लागतात, ते फोनवर होत नाही. सकाळी एकच सरी तुडुंब आणि बाकीच्या कोरड्या, हे बाईंनी दोन ओळींत लिहिलंय. शहरात बसून हे सुचणार नाही.

सांगलीच्या आसपास तर जागांना तोटा नाही. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं घ्या. तोंड अरुंद, आत खोल, हवा कोंडलेली. उघडल्या उघडल्या आत उतरणारा माणूस गुदमरतो, म्हणून आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवतात. हे ठाऊक असणारा आणि नसणारा, एवढ्यावर कादंबरी उभी राहते. 2005 च्या पुरात कितीतरी पेवं गेली. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 फुटांवर धोका. कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आणि गल्लीत पाणी शिरणं यांच्यामध्ये जो वेळ असतो, त्या वेळेत कोण काय हलवतो ते लिहा ना कुणीतरी.

आता पोलीस. इथं बहुतेक हस्तलिखितं गचके खातात. 1 जुलै 2024 पासून कायदे बदललेत, खुनाचं कलम आता 302 नाही, भारतीय न्याय संहितेचं 103 आहे. अकस्मात मृत्यूची नोंद 174 खाली नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली होते. कथा 2023 मधली असेल तर जुनीच कलमं हवीत. गावात पहिला येतो तो पोलीस पाटील, इन्स्पेक्टर नव्हे. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत गेला की अहवाल संध्याकाळी येत नाही, आठवडे-महिने जातात. आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळं 'त्यानं पोलीस ठाण्यात सगळं कबूल केलं' इथं कथा संपवता येत नाही.

आमच्या समाजातलं रहस्य लिहायचं तर अजून एक गोष्ट हाताशी आहे, तिच्याकडं कुणी बघत नाही. आम्ही पुरतो. चितेवर गेलेलं शरीर परत बोलत नाही. दफनभूमीतलं शरीर मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं बाहेर काढता येतं. आर्सेनिकसारखं विष केसांत, नखांत, हाडांत टिकून राहतं. मात्र नुसतं शरीर पाहून भागत नाही. वरची, खालची, बाजूची माती वेगवेगळी घ्यावी लागते, नाहीतर विष मातीतूनच आलं असं वकील म्हणणार. तीन रविवार चर्चमध्ये वाचली जाणारी लग्नाची घोषणा, कुणाची हरकत असेल तर सांगा असं विचारलं जातं, तो क्षण घ्या. बाप्तिस्म्याचं रजिस्टर घ्या, त्यातली खाडाखोड घ्या. चर्चची किल्ली कुणाकडं असते, घंटा कोण वाजवतं, अर्पणाचे पैसे कोण-कोण मिळून मोजतं, हे घ्या. यातलं काहीच सिनेमात येत नाही. तिथं ख्रिस्ती माणूस म्हणजे पांढरा झगा आणि 'माय सन'. अरे, आमचे पाळकसाहेब मोटारसायकलवरून येतात, सलाम घालतात, पिठलं-भाकरी खातात आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणतात. नाताळाला आमच्या घरी करंज्या-चकल्या होतात. हे आमच्याच माणसानं लिहायचं नाही, तर कुणी लिहायचं? या बाईंनी लिहिलंय. आणि तिला सांगतात साक्ष लिही.

(राग जरा उतरू दे, चहा घेऊन आलो.)

बाईंचं चुकलंय तेही लिहितो, कारण नुसतं गोंजारणं म्हणजे फसवणं. एकोणिसावं प्रकरण. नायिका रात्री गुडघ्यावर येऊन प्रार्थना करते, झोपते आणि स्वप्नात खुन्याचा चेहरा दिसतो. बस, उलगडा. इथं वाचकाचा विश्वास तुटतो, आणि विश्वासणाऱ्या वाचकाचा तर आधी तुटतो. प्रार्थना म्हणजे पत्ता सांगणारं यंत्र नव्हे. प्रार्थना करून उठलेली बाई बदललेली असावी. काल जे तोंड उघडायची भीती वाटत होती ते आज उघडावं, दिराच्या विरोधात जबाब द्यायला तिनं ठाण्याची पायरी चढावी. चेहरा मात्र पुराव्यानंच दिसायला हवा. तसंच क्षमेचं. शेवटी ती दिराला क्षमा करते ते सुंदर आहे, पण क्षमा करून जबाब मागं घेते ते पटत नाही. क्षमाही करावी आणि साक्षही द्यावी. बघा, साक्ष हा शब्द इथं बसतो.

आणि मेलेल्या माणसाचं दुःख. तिसऱ्या दिवशी सगळे तपासाला लागलेत, रडायला कुणी नाही. सांत्वनाची एक प्रार्थनासभा हवी. सतरंजीवर बसलेल्या बायका, न प्यालेला चहा. मेला तो आधी कुणाचा तरी मुलगा होता.

मग उलगडा कशानं करायचा? दुपारी हेच शोधत वही परत पहिल्यापासून चाळली. पान 31 वर थांबलो. डेअरीतली मुलगी पावती फाडताना सहज म्हणते, 'आज भावजींच्या म्हशीला काय झालं? रोज सहा लिटर, फॅट सात. आज पावणेचारच लिटर आणि फॅट सव्वापाच.' खुनाच्या संध्याकाळची पावती. पुढं शेवटच्या पानापर्यंत या वाक्याचा उल्लेख नाही.

ज्यांनी धार काढलीय त्यांना सांगायला नको. म्हैस अनोळखी हाताला पान्हा सोडत नाही, दूध चोरते. शेवटच्या धारांतच फॅट जास्त असतं, त्या कासेत राहिल्या की लिटरही घसरतात आणि फॅटही. म्हणजे त्या संध्याकाळी म्हैस दिरानं पिळलेलीच नाही. तो घरी नव्हता. मळ्यात जायच्या आधीच तो दुसरीकडं होता. मोटारीचा बनाव रात्रीचा, आणि तो फुटतो संध्याकाळच्या दुधात, तारीख-वेळ छापलेल्या पावतीवर. बाईंना स्वतःला हे ठाऊक आहे म्हणूनच ते हातून उतरलं. पुढं रहस्याच्या गडबडीत विसरल्या.

त्या वाक्याखाली लाल रेघ आहे. समासात लिहिलंय, 'अनावश्यक तपशील'.

बाई, तुम्ही हे वाचणार आहात म्हणून इथंच लिहितो. वह्या उद्या मुक्कामाच्या एसटीनं कंडक्टरकडं देतोय, स्टँडवरून घ्या. पान 31 वर पेन्सिलीनं गोल केलाय. स्वप्न काढा. एकोणिसावं प्रकरण त्या पावतीपासून धरा, आणि पावती नायिकेला पिठाच्या डब्यात सापडू दे, तुम्ही ठेवता तशी.