ती ‘नाही’ कोणाची? गाडगेबाबांच्या कीर्तनावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडगेबाबांच्या कीर्तनावरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, याबद्दल आभार. ‘हजारोंच्या गर्दीतही बाबा एकेकाशी बोलत’ हे माझं वाक्य तुम्हाला भाबडं वाटलं. तुमचं म्हणणं असं की, उत्तर आधीच ठरलेला प्रश्न विचारायचा आणि गर्दीकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ वदवून घ्यायची, ही वक्त्यांची जुनी युक्ती आहे. टीव्हीवरचे बुवाही तेच करतात, मग बाबांचं वेगळं काय?

तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. उत्तरं ठरलेलीच असत. दगडाचा देव नैवेद्य खातो का, असं विचारल्यावर ‘नाही’खेरीज काय येणार? शिवाय घोळक्यात ओरडलेली ‘नाही’ कोणाला फारशी बांधत नाही. हे माझ्या लेखात यायला हवं होतं.

पण तो प्रश्न शेवटी कुठे जाऊन पोचतो, ते बघा. बुवाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणत म्हणत माणूस बुवाच्या पायांशी पोचतो. बाबा तर कोणाला पाया पडू देत नसत आणि त्यांनी शिष्य केले नाहीत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता देता माणूस स्वतःच्या घरात पोचायचा: नवसाला कापलेलं बोकड, लग्नापायी काढलेलं सावकाराचं कर्ज, बापाची दारू, शाळेत न घातलेलं पोर. ही उत्तरं ऐकणाऱ्याच्या सोयीची नव्हती. लोकांना आवडेल ते त्यांच्याकडून म्हणवून घेणं सोपं असतं. इथे ते स्वतःच्याच रीतीविरुद्ध बोलत होते, तेही भावकीसमोर.

आणि विचारणारा त्याच घरातून आलेला होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी गेले. आईबरोबर दापुऱ्याला मामाकडे वाढताना सावकार शेतावर कसा हात टाकतो, तेही त्यांनी जवळून पाहिलं. पुढे मुलीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची रीत त्यांनी मोडली आणि जातभाईंचा रोष ओढवून घेतला. म्हणजे कीर्तनात जे विचारायचं, त्याचं उत्तर त्यांनी आधी स्वतःच्या घरात दिलेलं होतं. ऐकणाऱ्यांना हे कळत असणारच.

तुमच्या प्रतिक्रियेत खराट्याचा उल्लेखच नाही. माझ्या मते सगळं तिथेच आहे. बाबा गावात आले की आधी झाडायला लागत. दिवसभर गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन. रात्री समोर उभा राहून प्रश्न विचारणारा माणूस सकाळी आपल्याच दारातला कचरा उचलून गेलेला असायचा. अशा माणसाला तोंडदेखलं उत्तर देणं जड जातं. टीव्हीवरच्या बुवाने आपलं दार पाहिलेलंच नसतं, त्याला काहीही सांगून टाकता येतं.

भाषा वऱ्हाडी, घरची. नारदीय कीर्तनातला, आधी निरूपण आणि मग आख्यान असा पूर्वरंग-उत्तररंगाचा घाट नाही, संस्कृत श्लोकांची पखरण नाही. बाबा स्वतः शाळा शिकलेले नव्हते, म्हणून शाळेबद्दल बोलताना ते वरून उपदेश करत नव्हते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, ते जरूर ऐका. शिक्षणाने माणूस कुठे पोचतो हे सांगायला त्यांनी डॉ. आंबेडकरांचं उदाहरण घेतलं, तेही शेजारच्या घरातला मुलगा शिकून मोठा झाल्यासारखं. महिन्याभरातच, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला वलगावजवळ बाबाही गेले.

आता ‘एकेकाशी बोलत’ हे मी कशावरून लिहिलं, ते सांगतो. माझ्या आजीने मूर्तिजापूरकडे लहानपणी बाबांचं कीर्तन ऐकलं होतं. ती बायकांमध्ये, पार मागे बसलेली. तरी म्हातारपणापर्यंत ती म्हणायची, ‘बाबानं मलेच इचारलं.’ मी एकदा विचारलं, एवढ्या गर्दीत तुलाच कसं? तर ती रागावली. तिच्या सासरी वर्षाला बोकड कापायची रीत होती. तुम्ही म्हणता तसंच झालं, कीर्तनात ‘नाही’ म्हणून आलेल्या माणसांच्या त्या घरात बोकड पुढेही कापलं गेलं. आजी ते रांधायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः त्या दिवशी भाकर-ठेचा खायची. एकाही वर्षी तिने त्यातलं तोंडात घातलं नाही. कोणी कारण विचारलं, तर म्हणायची, ‘मी नाही म्हनून आली ना तिथं.’