बहिष्कार कोणावर टाकताय?

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. राज्य वीज नियामक आयोगाची वीजदराची जनसुनावणी म्हणजे निव्वळ देखावा आहे, ग्राहक संघटनांनी तिच्यावर बहिष्कार टाकावा. खाली अंगठ्यांची आणि लालबुंद चेहऱ्यांची रांग. पाठवणारी सगळी आपलीच माणसं, म्हणून जास्त चीड आली.

बहिष्काराने आयोगाचं नेमकं काय अडणार आहे? वीज कायदा २००३ चं कलम ६४ सांगतं की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन, महावितरणसारख्या वीज कंपनीचा दराचा अर्ज (याचिका) मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा. हरकत आलीच नाही तर विचारात घ्यायला काही उरत नाही. कंपनीने मांडलेला आकडा समोर राहतो, त्याला खोडणारा दुसरा आकडा नोंदीवर नसतो. नियामक आयोग हे अर्धन्यायिक मंडळ आहे. समोर कागदावर आलंय तेवढ्यावरच त्याला आदेश लिहिता येतो. आपण घरी बसलो की कंपनीच्या सल्लागाराला सुट्टी मिळते, बाकी काही होत नाही.

काही वर्षांपूर्वीच्या एका सुनावणीतले ते शेतकरी काका, तिथे होतात त्यांना आठवत असतील. एका हातात बिल, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर पंपाच्या पाटीचा फोटो. पाटीवर ३ एचपी, बिलावर ५ एचपी. कनेक्शन बिनमीटरचं, म्हणजे बिल एचपीवर. काका तळमळून बोलले, घंटी वाजली. व्यासपीठावरून उत्तर आलं की ही वैयक्तिक तक्रार आहे, ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. नियमाने ते उत्तर बरोबरच होतं. दर ठरवण्याच्या सुनावणीत एकेकाचं बिल दुरुस्त होत नाही. त्यासाठी मंच आहे, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. काका खाली बसले. संघटनांच्या रांगेतल्या एकानेही उठून तो फोटो मागून घेतला नाही. पुढची वीस मिनिटं "दरवाढ रद्द करा" एवढंच वेगवेगळ्या आवाजांत ऐकू आलं.

त्या फोटोत काय होतं ते बघा. १ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ३ एचपीचा पंप २.२४ किलोवॅटचा, ५ एचपीचा ३.७३ चा. दिवसाला आठ तास वीज आणि वर्षभर प्रत्येक तास पंप चालू, असा कमाल हिशोब धरला तरी ३ एचपीचे साधारण ६,५०० युनिट होतात आणि ५ एचपीचे १०,९००. पंप इतका कधीच चालत नाही हे शेतकऱ्याला सांगायला नको. मुद्दा एवढाच की मधले चार हजारांवर युनिट कोणी वापरलेच नाहीत, पण ते कुठल्या तरी रकान्यात जाऊन बसतात.

कुठल्या रकान्यात? कंपनीने १०० युनिट वीज आत घेतली. मीटरवर ६० विकली. शेतीचा वापर मोजलेला नाही, अंदाजाने २८ धरला. गळती, म्हणजे वाटेत वाया किंवा चोरीला गेलेली वीज, दिसते १२ टक्के. खरा शेतीवापर २० असेल तर गळती २० टक्के. आयोग गळतीचं उद्दिष्ट ठरवून देतो आणि त्याच्या वरच्या गळतीचा बोजा सगळाच्या सगळा ग्राहकावर टाकू देत नाही. म्हणजे शेतीचा अंदाज फुगला की कंपनीच्या खिशातून जायचे पैसे सरकारी अनुदान आणि इतर ग्राहकांच्या क्रॉस सबसिडीतून (शेतीसाठी त्यांनी भरलेल्या जादा दरातून) वसूल होतात. शेतकऱ्याच्या नावाने बिल फाटतं आणि शिव्याही शेतकरीच खातो. शहरातले आपले मित्र "आम्ही शेतकऱ्यांची वीज भरतो" म्हणतात तेव्हा त्यांना हे गणित दाखवा.

आता आपल्याच लोकांना न आवडणारी गोष्ट. एका फोटोने यातलं काहीही सिद्ध होत नाही. नमुन्यासाठी घेतलेल्या शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर, किती वीज गेली ते उपकेंद्रात मोजतात, त्यातून त्या फीडरवरच्या मीटरच्या ग्राहकांचा वापर आणि तांत्रिक गळती वजा करतात, उरलेल्या युनिटला फीडरवरच्या एकूण एचपीने भागतात. येतो तो दर एचपीमागचा वापर, आणि तो बाकीच्या पंपांना लावतात. सगळीकडे एचपी सारख्याच प्रमाणात फुगवली असेल तर भागाकारात ती फूगही निघून जाते! घोळ होतो तो नमुन्याच्या फीडरवर एचपी बरोबर आणि इतरत्र वाढवलेली असेल तेव्हा. म्हणून "बिलात एचपी वाढवली" असं ओरडून भागत नाही. कुठल्या फीडरवर, कुठल्या डीपीवर (रोहित्रावर), नमुन्यात तो फीडर होता की नव्हता, हे सांगावं लागतं. पन्नास पंपांच्या पाट्या, पन्नास बिलं, प्रत्येकापुढे फीडरचं नाव आणि डीपीचा क्रमांक. एवढा तक्ता प्रतिज्ञापत्रासोबत दाखल झाला असता तर व्यासपीठाला "वैयक्तिक तक्रार" म्हणता आलं नसतं. ते काम काकांचं नव्हतं, संघटनेचं होतं.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला आणि २००० साली महावितरणच्या आधीच्या वीज मंडळाचा पहिला दर-आदेश झाला. त्याआधी मंडळ गळती सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास सांगायचं. सुनावणीत संघटनांनी आकडे मागितले, शेतीवापराचा अंदाज उलगडायला लावला, आणि आयोगाने मानलेली गळती तीस टक्क्यांच्या वर गेली. मोर्च्याने हे झालं नाही. संघटनांनी प्रश्न विचारले, पण उत्तर द्यायला भाग पाडण्याचा अधिकार आयोगाचा होता. मुंबई ग्राहक पंचायत, वीजक्षेत्राचा अभ्यास करणारी पुण्याची प्रयास संस्था, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना यांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली ती याच काळातली. आजच्या कायद्यात ती सोय कलम ९४(३) मध्ये आहे.

२००६ चं पुणे बघा. भारनियमनाच्या तासांत उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, ग्रिडमधली तेवढी वीज शहराला सोडायची, डिझेलचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांकडून वेगळ्या आकाराने घ्यायचा आणि त्यातून कमी वापराची घरं वगळायची. उद्योजक, अभ्यासक, कंपनी एका टेबलावर बसले आणि आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन मंजुरी दिली. आता कोणी म्हणेल, पैसेवाल्या शहराने उजेड विकत घेतला आणि खेडी अंधारातच राहिली. खरं आहे. पण निदान किंमत किती आणि ती कोण देणार हे कागदावर होतं.

बरं, आयोगाची बाजू घेतोय असं वाटत असेल तर थांबा. २८ मार्च २०२५ ला महावितरणच्या पाच वर्षांच्या दराचा आदेश आला. त्याआधी हरकती, विभागवार सुनावण्या, सगळं रीतसर झालेलं. २ एप्रिलला त्याला स्थगिती. २५ जूनला फेरविचाराचा आदेश, १ जुलैपासून नवे दर लागू. आणि या फेरविचारात जाहीर सुनावणी नाही! लोकांनी महिनाभर खपून लिहिलेल्या हरकतींवर उभा राहिलेला आदेश फिरवायचा आणि त्याच लोकांना विचारायचं नाही? कलम ८६(३) आयोगाला कारभार पारदर्शक ठेवायला सांगतं. फेरविचाराचा अधिकार आहे, कबूल. पण दर बदलणार असतील तर तो कारकुनी दुरुस्तीचा मामला राहत नाही. असं एकदा झालं की दहा वर्षं जोडलेली माणसं तुटतात. आजचा बहिष्काराचा मेसेज त्यातूनच आलाय हेही मला कळतं.

आणखी एक राग आहे, तोही काढून टाकतो. कंपनीच्या वकिलांची, सल्लागारांची फी प्रशासकीय खर्चात धरली जाते आणि तो खर्च दरात येतो. म्हणजे आपल्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाचे पैसे आपणच भरतो, आणि आपल्या बाजूने हजार पानं वाचणारा माणूस रजा टाकून, पदरचे पैसे खर्चून येतो. आयोगाला सहकार्य खरंच हवं असेल तर सुरुवात इथून करावी. मान्यताप्राप्त प्रतिनिधींच्या अभ्यासाचा खर्च आयोगाच्या निधीतून द्यावा, त्याचा हिशोब जाहीर ठेवावा. निधी घेतल्यावर संघटना मऊ पडतील ही भीती रास्त आहे; त्यावर मुदत आणि फेरपालट हा उपाय आहे. त्याच त्या संस्था वर्षानुवर्षं बसल्या की त्याही फर्निचरचा भाग होतात, हेही बोलून टाकू.

बाकीच्या मागण्या साध्या आहेत. आकडे एक्सेलमध्ये आणि सूत्रांसकट द्या, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नकोत. पीडीएफमधून शंभर तक्ते परत टंकायलाच हरकतींची मुदत संपते. याचिका स्वीकारण्याआधी जी तांत्रिक पडताळणी बैठक होते, तिथे आयोगाने काढलेल्या त्रुटी आणि कंपनीने दिलेली उत्तरं त्याच दिवशी संकेतस्थळावर टाका. मूळ याचिकेतला आकडा आणि सुधारित याचिकेतला आकडा यांत का फरक पडला, ते तिथेच कळतं. ऑनलाइन सुनावणीत सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून दोन-तीन मिनिटं देऊ नका. वीजखरेदीचा एक दिवस, शेतीवापर आणि गळतीचा एक, दररचनेचा एक, असं विषयवार घ्या. कलम ८७ प्रमाणे राज्य सल्लागार समिती असते, २१ पर्यंत सदस्य, त्यात ग्राहक आणि स्वयंसेवी संस्थाही येतात. तिची इतिवृत्तं लोकांसमोर येऊ द्या.

आणि आपण? आपली हरकत म्हणजे बहुतेक वेळा निवेदन असतं. वर "मा. अध्यक्ष", खाली वीस सह्या, मध्ये महागाईवर दोन परिच्छेद. आयोगाचा अधिकारी त्याचं काय करणार? एकच विषय घ्या. मागच्या आदेशात मंजूर किती, प्रत्यक्ष झाला किती, आता मागितला किती, असे तीन रकाने शेजारी मांडा. याचिकेतला तक्ता क्रमांक आणि परिच्छेद क्रमांक लिहा, आयोगाच्या विनियमातला नियम लिहा, आणि शेवटी आयोगाने काय करावं ते एका वाक्यात: अमुक रक्कम अमान्य करा, अमुक माहिती अमुक तारखेपर्यंत मागवा. नाव, पूर्ण पत्ता, कोणाच्या वतीने, सुनावणीत बोलायचं आहे का, हे सगळं मुदतीत. प्रत कंपनीलाही पाठवायची आणि पाठवल्याचा पुरावा जोडायचा. कंपनीचं उत्तर येतं तेव्हा ते मुद्द्याला धरून आहे का बघा. नसेल तर प्रत्युत्तर द्या. बहुतेक जण इथेच सुटतात.

"सरासरी वाढ" या आकड्याला भुलू नका. आधीच्या उत्पन्नात इंधन समायोजन आकार (इंधन आणि वीजखरेदीच्या वाढलेल्या खर्चापोटी मधेच लावलेला) धरून टक्केवारी काढली की वाढ कमी दिसते, न धरता काढली की जास्त. शिवाय सरासरीत स्थिर आकार, वहन आकार (वीज तारांवरून आणण्याचा), वीज आकार सगळं मिसळलेलं असतं. १०० युनिटच्या आतल्या घराचं आणि ३०० च्या वरच्या घराचं बिल वेगवेगळं काढून दाखवा, तेव्हा सुनावणीत कान टवकारतात.

त्या काकांकडे परत येतो, कारण त्यांचा प्रश्न आता जास्त अवघड झालाय. एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. काकांचं बिल शून्य. पाटीवर ३ आणि बिलावर ५ असलं तरी ते आता कशाला तक्रार करतील? चांगलं झालं, त्यांचा त्रास वाचला. पण एचपीचा तो आकडा अनुदानाच्या हिशोबात तसाच आहे, आणि तक्रार करणारा माणूस मात्र सुनावणीतून गेला. कलम ६५ म्हणतं की सरकारने अनुदानाची रक्कम आगाऊ द्यावी. किती द्यायची ते न मोजलेल्या युनिटवर ठरणार असेल तर ते युनिट तपासायला आता संघटनांशिवाय कोणी उरलं नाही. अशा वेळी बहिष्कार?

आयोगावरच्या नेमणुका सरकारच्या हातात असतात, कलम १०८ खाली सरकार निर्देशही देऊ शकतं, माहितीये. म्हणूनच नोंदीवर असणं महत्त्वाचं. दर-आदेशात प्रत्येक हरकत, कंपनीचं उत्तर आणि आयोगाचं मत ओळीने छापलेलं असतं. आपला मुद्दा तिथे नोंदवून त्याला उत्तर दिलं नसेल, किंवा कारण न देता फेटाळला असेल, तर ४५ दिवसांत विजेच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं. मुद्दा दाखलच केला नसेल तर तिथे काय घेऊन जाणार?

एक काम मात्र सुनावणीची वाट न बघता आत्ता होण्यासारखं आहे. आधीच्या आदेशात कंपनीला दिलेले निर्देश असतात आणि नव्या याचिकेत त्यांच्या अनुपालनाचा तक्ता येतो. त्यात बरेचदा "कार्यवाही सुरू आहे" असं लिहिलेलं असतं आणि ते कोणी प्रत्यक्ष जाऊन तपासत नाही. मागच्या आदेशातले मीटर आणि फीडरसंबंधीचे निर्देश जिल्हावार वाटून घेऊ. नाशिक आणि पुणे विभागात माणसं आहेत. अमरावती, नागपूर आणि मराठवाड्यातून कोण घेतंय ते खाली लिहा, उपविभागाच्या नावासकट.