मिसिसिपी, मी आणि पाटबंधारेवाले काका

मासा सुटल्याचं दुःख नाही हो, काका सोकावले त्याचं आहे. आता ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे त्यांची इथे राहायची मुदत संपेपर्यंत, रोज संध्याकाळी नदीवर येणार आहेत. तसं त्यांनीच जाहीर केलंय, मला कोणी विचारलेलं नाही.

ठिकाण रॉक आयलंड, इलिनॉय. समोर मिसिसिपी, पलीकडचा काठ आयोवाचा. जुलैमध्ये पाणी कोमट होतं आणि क्रॉपी नावाचा मासा धोंड्याच्या महिन्यात आलेल्या जावयासारखा दिवसभर गारव्यात पडून असतो, बोटींच्या धक्क्याखाली नाहीतर बुडालेल्या झाडाच्या फांद्यांमध्ये, खोल. ऊन उतरलं की वर येतो. तोवर काय करायचं तर सनफिश, त्यातही ब्लूगिल. तळहाताएवढा मासा, छातीला नारिंगी झाक, कल्ल्याच्या टोकाला शाईचा ठिपका, आणि गांडुळाचा एवढुसा तुकडा लावला की हमखास येणार. गांडुळं इथे पेट्रोल पंपावरच्या दुकानात फ्रिजमध्ये मिळतात, दुधाच्या शेजारी, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दूध न घेता परत आलो होतो.

मी मूळचा रत्नागिरीचा, खाडीवर गरवत, म्हणजे गळाने मासे पकडत मोठा झालो, त्यामुळे आठवड्यातून हे दोन तास मला लागतात. कोणी स्टेटस अपडेट मागत नाही, कोणी ‘क्विक कॉल’ लावत नाही. एवढीच अपेक्षा होती.

तर गांडूळ लावताना गळाचा काटा गेला बोटात आणि तोंडातून जे निघायचं ते निघालं. मागून आनंदाने आवाज आला, “अरे वा! आपले दिसताय!”

पांढरे शुभ्र नवीन बूट, इस्त्रीची पँट, कमरेला पाऊच, हातात मोबाईल. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेत, मुलगा सून दिवसभर कामावर, टीव्हीचे तीन रिमोट झेपत नाहीत, म्हणून नदीवर.

“सांगली. पाटबंधारे. रिटायर्ड,” काका म्हणाले. मी नाव सांगायच्या आत त्यांनी नदी तपासायला घेतली होती. “बंधारा कुठाय हिला?”

मी वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे लॉक अँड डॅम १५ आहे, १९३४ चं, म्हणजे बंधारा आणि त्याला लागून बोटी खालीवर करायची दारंवाली पाण्याची कोठडी, ती लॉक. अशी रांगच आहे वर मिनियापोलिसपासून खाली सेंट लुईसपर्यंत, बोटींना ९ फूट खोल पाणी मिळावं म्हणून.

“आणि सिंचन किती?”

“सिंचन नाही काका, बोटींसाठीच आहे.”

“सिंचन शून्य?”

“शून्य.”

काका बराच वेळ मिसिसिपीकडे बघत राहिले. तेवढ्यात एक टोबोट, म्हणजे ढकलणारी बोट, चालली होती, पुढे १५ बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू तराफे, तिनाच्या पाच रांगा, सगळा मका नाहीतर सोयाबीन असणार. मी उत्साहात सांगून बसलो की हे सगळं मिळून लॉकमध्ये मावत नाही, लॉक ६०० फुटांचं आणि हा तांडा जवळपास दुप्पट, म्हणून मधून तोडून दोन खेपांत काढतात.

“मग लॉक लहान का केलं? टेंडर कोणाचं होतं?”

१९३४ च्या लॉकचं टेंडर कोणाचं होतं हे मी मासे सोडून शोधावं अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती. मी म्हटलं पूर तरी दाखवू, सांगलीच्या माणसाला पुराबद्दल आपुलकी असते. समोर डॅव्हनपोर्टमध्ये २०१९ ला पाणी पार शहरात घुसलं होतं, २२.७ फूट, आजवरचं सगळ्यात जास्त. काका हसले. म्हणजे अगदी प्रेमाने, लहान मुलाने आपला खेळातला ट्रक दाखवल्यावर हसतात तसं.

“बावीस? अहो त्याच वर्षी आयर्विन पुलापाशी ५७ च्या वर गेलं होतं. बावीस फुटाला आमच्यात बायका धुणी धुतात.” मग अलमट्टी धरण. अलमट्टी किती वेळ चालली सांगत नाही. एवढंच सांगतो की कर्नाटकाची बाजू मांडायला तिथे कोणी नव्हतं आणि माझा बॉबर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता गोळा, दोनदा बुडून वर आला.

तिसऱ्यांदा बुडाला तेव्हा मी काकांच्या बोलण्यातच ओढला. ब्लूगिल, चांगला मोठा. काकांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि निकाल दिला, “चिलापी.”

“नाही काका, ब्लूगिल आहे. इलिनॉयचा राज्य मासा आहे हा.”

“चिलापी आहे. उजनीत रग्गड आहे. आमच्या शेजारच्यांचं मांजर खात नाही.”

आता इथे माझं डोकं सटकलं. माणसाने माझा अपमान केला तर मी गिळतो, सवय आहे. माशाचा नाही. म्हटलं, काका, ह्या माशाला इतिहास आहे. १९६० मध्ये जपानचे युवराज अकिहितो शिकागोत आले होते, तेव्हा तिथल्या मेयरने त्यांना भेट म्हणून हेच मासे दिले. ते स्वतः माशांचे अभ्यासक, त्यांनी ते जपानला नेऊन संशोधन केंद्राला दिले, तिथून ते बाहेर पडले आणि बिवा सरोवरापर्यंत पोचून तिथल्या मूळच्या माशांच्या मुळावर उठले, इतके की पुढे सम्राट झाल्यावर २००७ मध्ये त्यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली. एका सम्राटाला खंत करायला लावलेला मासा आहे हा!

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हणजे राजाला फुकट मिळाला. आणि तुम्ही लायसनचे किती भरले?”

“पंधरा डॉलर.”

“बाराशे-तेराशे रुपये!” त्यांनी खरंच कपाळावर हात मारला. मग बराच वेळ हिशोब. गांडुळांचे किती, पेट्रोल किती, मग घरी नेऊन तेल, रवा वेगळा. दर किलोने काढला त्यांनी माझ्या छंदाचा, आणि म्हणाले एवढ्यात सांगलीला पापलेट येतं. वर “जरा द्या बघू काठी” म्हणून हात पुढे. मी नाही म्हटलं, सोळा वर्षांवरच्या माणसाला लायसन्सशिवाय इथे गळ टाकता येत नाही, नियम आहे. काका दुखावले. “नदीला कसला आलाय नियम,” असं पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस म्हणाला.

तोवर ऊन कललं. आणि मग तो क्षण आला ज्यासाठी मी अलमट्टी सहन केली होती. क्रॉपी लागली की बॉबर बुडतोच असं नाही, पुष्कळदा आडवा पडतो, कारण ती खालून वर येऊन घास घेते आणि गळाचं वजनच उचलते. माझा बॉबर सावकाश आडवा झाला. श्वास रोखून मी नुसता दोरा ताणून घेतला, कारण तिच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की इथले लोक तिला कागदी तोंडाची म्हणतात. झटका दिला की फाटलंच. पाण्याखाली चंदेरी काहीतरी वळलं, रुंद, अंगभर काळे ठिपके, जेवणाच्या ताटाला पुरून उरेल अशी.

काका तेव्हा सांगलीला व्हिडिओ कॉलवर होते. “हे बघा, लागला, लागला! अहो ओढा की!” आणि एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने त्यांनी माझा रॉड धरून असा हिसडला की बैलाचा कासरा असावा.

“सुटला वाटतं,” काका म्हणाले.

ह्यावर मी काही बोललो नाही, वयाचा मान म्हणून. पण प्रकरण तिथे संपत नाही. काकांनी त्या कॉलनंतर आणखी एक व्हिडिओ काढला, त्यात मी रिकामा गळ हातात घेऊन उभा, चेहरा जसा असायचा तसा, आणि तो ग्रुपवर टाकला. खाली ओळ: ‘अमेरिकेतील परिस्थिती. उच्चशिक्षित मराठी तरुण नदीवर. विचार करा.’ ग्रुपवर त्यांची विहीण, तिची चुलत बहीण रत्नागिरीत, ती आमच्या आईच्या भिशीत.

पहाटे पाचला आईचा फोन. “खरं सांग, नोकरी गेली ना?”

आता इथे मला खरंच राग येतो. कोणी हजार डॉलरच्या काठ्या घेऊन दिवसभर गोल्फ खेळला तर त्याच्या आईला कोणी फोन करत नाही, तो नेटवर्किंग करत असतो. मासे पकडले की माणूस एकतर रिकामटेकडा नाहीतर उपाशी. आणि एच-वन-बी व्हिसावाल्याच्या नोकरीवर गंमत कोणी करू नये, ती गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा, आजूबाजूला लोकांचं झालेलं बघतोय, रात्री त्याच विचाराने जाग येते, म्हणून तर नदीवर जातो ना. हे आईला सांगता येत नाही, तिची झोप जाईल. तिला फक्त “नाही गं, छंद आहे” एवढंच सांगितलं, आणि ते तिला नोकरी जाण्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटलं. दुपारपर्यंत मावशीने हिंजवडीतला एक नंबर पाठवला, ‘फ्रेशरपण घेतात’ म्हणून. मला चौदा वर्षांचा अनुभव आहे.

मग बाबांनी फोन घेतला. मी म्हटलं, चला, ह्या माणसानेच मला गरवायला शिकवलं, ह्याला तरी कळेल.

“काय लावतोस रे गळाला?”

“गांडूळ. कधी छोटा जिग, खोटं आमिष.”

“कोळंबी लावून बघ. सोललेली, बारीक तुकडा.”

“बघतो बाबा.”

“हं.” मग दार लोटल्याचा आवाज आला. “आई आत गेली. आता मला खरं सांग.”