साहेबांचं काय ते बघा!

सरकारी कचेरीत काम अडलंय? काळजी करू नका. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला मी सध्या हेलपाटे घालतोय, त्यामुळे सल्ला अगदी ताजा आहे. शिवाय फुकट आहे.

आधी तोंड सांभाळा. 'लाच' हा शब्द कचेरीत काढायचा नाही. तिथे चहापाणी असतं, खर्च असतो, फाइलवर वजन असतं आणि सगळ्यात सोज्वळ म्हणजे 'साहेबांचं काय ते बघा'. भ्रष्टाचार हा शब्द दक्षता सप्ताहातल्या शपथेपुरता ठेवा. आणि इंग्रजीतलं 'करप्शन' तर फक्त मोठ्या लोकांसाठी. मंत्र्याने केलं तर करप्शन, कंत्राटदाराने केलं तर करप्शन. आपण दोन हजार सरकवले तर ॲडजस्टमेंट. खुद्द कायदाही हा शब्द जपूनच वापरतो. १९८८ च्या प्रिव्हेन्शन ऑफ करप्शन ॲक्टच्या नावात करप्शन आहे, पण व्याख्यांच्या कलमात त्याची व्याख्या शोधा, सापडणार नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिथे 'अनड्यू ॲडव्हान्टेज' आला, म्हणजे गैरवाजवी लाभ. संसदेने जिथे इतका संकोच पाळला, तिथे तुम्ही खिडकीपाशी उभं राहून बोंबलणार? काही रीतभात?

पावती मागू नका.

पैसे साहेबांच्या हातात कधीही देऊ नका, त्यांना आवडत नाही. त्यासाठी प्रिंटरशेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले असतात. ते कर्मचारी नसतात. हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं, पण कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला आणि साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. लाचलुचपत विभागाच्या प्रेसनोटमध्ये यांचा उल्लेख 'खासगी इसम' असा होतो. एरवी सगळे त्यांना भाऊ म्हणतात. तुम्हीही म्हणा.

नोटांना हात लावण्याआधी साहेब जरा बिचकतील. समजून घ्या. सापळ्यातल्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेली असते आणि मग बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. म्हणून तर भाऊ आहेत.

आता त्रुटी. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळा धंदा यावर चालतो. तुमच्या अर्जात त्रुटी असतेच. नसली तर ती निघेपर्यंत अर्ज पडून राहतो. माझ्या अर्जात आधी निघालं, की मृत्यू दाखल्यावर वडिलांचं नाव आजोबांच्या नावासकट आहे आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाचं फक्त आद्याक्षर आहे. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं. मग निघालं, आईचं आधार कार्डावरचं नाव आणि रेशन कार्डावरचं नाव यात एका वेलांटीचा फरक आहे. तेही केलं. मग बहिणीची सही हवी. ती गाडीत बसून आली, तर साहेब पंचनाम्याला गेलेले. पुन्हा आली, तर मीटिंग. मग सर्व्हर डाऊन. मग म्हणे ऑनलाइन अर्ज दिसतोय, पण 'ओपन होत नाहीये'. अहो, कसा होईल ओपन? तुम्ही भाऊंच्या मोबाइलवर रील बघताय! फेरफाराची नोंद धरा, पंधरा दिवसांची नोटीस काढा, कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करा. एवढंच तर काम आहे! त्यासाठी पगार मिळतो, महागाई भत्ता मिळतो, आता तर तलाठी हे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त पदनामही मिळालंय. आणि एका बाईचा नवरा गेलाय, ती दाराबाहेरच्या बाकावर बसलीये, तिला पाणीसुद्धा कुणी विचारलेलं नाही, आणि भाऊ मला कोपऱ्यात घेऊन सांगतात, "काका, वेलांटीचं काय घेऊन बसलात, होऊन जातं सगळं." होऊन जातं ना? मग आधी का नाही झालं?

असो. चिडू नये. चिडलं की दर वाढतो.

लोकसेवा हक्क कायद्याचं नाव काढू नका. २०१५ चा आहे तो. मुदतीत सेवा नाही दिली तर अपील, आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक कचेरीत लावलेला असतो. आमच्याकडे तो कपाटामागे आहे.

तक्रार करायचीच हुक्की आली तर १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. पण आपण कशाला फोन करतोय! २०१८ पासून देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत कैद. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवा, म्हणजे सुटलात. आपण ते सात दिवस 'जाऊ दे, काम झालं ना' म्हणण्यात घालवतो. आठव्या दिवशी साहेब आणि आपण एकाच बाजूला.

आणि इथे मला खरंच बोलायचंय, कारण हे सोंग आता माझ्याच्याने होत नाही. साहेबांना शिव्या घालायला मला कुणाची परवानगी नको. पण तुमचं काय? बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या तुमचं? माझ्या मागून आलात, भाऊंशी कुजबुजलात, माझ्या आधी उतारा घेऊन गेलात आणि जाता जाता मलाच अक्कल शिकवलीत, "देऊन टाका हो, फार ताणू नये." तुम्ही दिलेत म्हणून माझा दर ठरला. भाऊ मला तोंडावर म्हणाले, "सगळे देतात, तुम्हीच का अडवताय?" तुम्हाला वाटतं तुम्ही हुशार. तुम्ही त्या बाईच्या फाइलवर पाय देऊन पुढे गेलात.

मुलीला स्थळ बघताना 'पगार किती' विचारून झाल्यावर आवाज बारीक करून 'वरचं किती' हेही तुम्हीच विचारता. मुलगा महसुलात आहे म्हटल्यावर डोळे चमकतात तुमचे. त्याच्या साखरपुड्यात हॉल कसा परवडला, हे कुणी विचारत नाही, उलट कौतुकाने व्हिडिओ काढता. आणि रात्री जेवून झालं की ग्रुपवर देशातल्या करप्शनचा फॉरवर्ड टाकता, खाली तिरंगा लावून. लाज वाटू द्या जरा. तो फॉरवर्ड मला पाठवू नका. उद्या मी पुन्हा त्या बाकावर असेन. यायचं असेल तर आपला अर्ज घेऊन या, अंतिम मुदतीची तारीख त्यावर लिहून घ्या आणि माझ्या मागे रांगेत उभे राहा.